पोपटच्या अंगाला करंजाचं तेल

माथाडी वसाहत, कोपरखैरणे
रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर २०२५, सकाळचे अकरा वाजून पन्नास मिनिटं
(लिहिते वेळी डावा हात प्लास्टिकच्या टबाच्या कडेवर, उजव्या हातात पेन, समोर घड्याळ. एक वाजून पन्नास मिनिटांपर्यंत मला इथून उठता येणार नाही. कारण पुढे येईल.)

तीर्थरूप आप्पा यांच्या चरणी पुतण्या कुलदीपचा नमस्कार पोचावा. डोकं तुमच्या पायांवर ठेवून झालेलं आहे. आता ते वर उचलून पुढचा मजकूर लिहीत आहे, तेव्हा मधे कुठे भाषा ताठ वाटली तर त्याचं कारण एवढंच समजावं. तुमचा गुडघा कसा आहे? (गेल्या फोनला डावा म्हणालात, त्याच्या आदल्या फोनला उजवा. मी दोन्ही लिहून ठेवले आहेत.) काकूंचा खोकला थांबला असेल. नवी म्हैस दोन्ही वेळा दूध देते हे आईकडून कळलं. आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण मी खोटं लिहीत नाही. चौघं खुशाल आहोत, पाचवा आजारी आहे, आणि हे पत्र त्याच्याबद्दल आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही काकूंना विचाराल. आप्पा, फोनवर तुम्ही 'हॅलो' म्हणता आणि लगेच निकाल देता. मधे साक्षीपुरावा होत नाही. शिवाय तुमचा फोन आला की बाबा तो स्पीकरवर लावून टीव्हीच्या वर ठेवतात आणि स्वतः समोर उभे राहतात. पन्नास किलोच्या गोणी पाठीवर घेऊन अख्खं आयुष्य कांदा-बटाटा मार्केटात काढलेला माणूस तुमच्या आवाजासमोर शाळेतल्या पोरासारखा उभा राहतो, हे मला बघवत नाही. पत्राला स्पीकर नसतो. पत्र मधे तोडताही येत नाही. (फाडता येतं. म्हणून याची नक्कल मी वहीत ठेवली आहे.)

पाचवा म्हणजे पोपट. तो कासव आहे. रंगाने हिरवा म्हणून आमच्या धाकट्या ज्ञानेश्वरीने त्याचं नाव पोपट ठेवलं, यात काकूंचे बंधू पोपटराव यांचा अपमान करण्याचा कोणाचाही हेतू नव्हता, तसं त्यांना कळवावं. ऐरोलीला ज्ञानेश्वरीच्या ऑफिसातल्या एका मुलीची बंगलोरला बदली झाली, तिने पंधरा दिवसांसाठी सांभाळा म्हणून दिला, त्याला परवाच्या दिवाळीत दोन वर्षं झाली. तळहातात मावायचा, आता ताटलीएवढा आहे. जात परदेशी, कानामागे जन्मतःच लाल पट्टा. (आपल्या इकडची देशी जात घरात ठेवणं गुन्हा आहे, ती ही नव्हे, मी खात्री करून घेतली आहे.) तो येऊन पडला तेव्हा मी बारावीला दुसऱ्यांदा नापास झालो होतो आणि घरात माझ्याशी कोणी जेवणापलीकडे बोलत नव्हतं. रबाळ्याच्या कारखान्यात स्टोअरला लागलो, संध्याकाळी सात वाजता दार उघडलं की टबातून मान वर करून बघायचा तो हा एकटा. खायला हवं म्हणून बघतो, असं ज्ञानेश्वरी म्हणते. असेना. माणसं तरी कशासाठी बघतात?

आता आजार. ऑगस्टमध्ये त्याच्या मानेवरून आणि पायांवरून पांढरट पापुद्रे सुटायला लागले. मी घाबरलो. बाबा कामावरून आले, बूट न काढता वाकून त्यांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, "कुलदीप, कांद्याची वरची पातळ साल सुटती न्हवं, तसलं हाय हे. चांगल्या मालाचीच सुटती. वडू नगंस." पण बाबांचं शिक्षण चौथी आणि माझं बारावी (नापास, पण बारावी), म्हणून मी मोबाइलवर तीन व्हिडिओ बघितले, त्यांतला सगळ्यात चुकीचा निवडला आणि जुन्या टूथब्रशने पापुद्रे घासून काढले. मानेखाली दोन ठिकाणी सोललं. हा पहिला गुन्हा माझा आहे आणि तो मी आधीच लिहून टाकत आहे, म्हणजे पुढच्या गुन्ह्यांची नावं घेताना मला संकोच वाटणार नाही.

सोललेल्या जागी सप्टेंबरात कापसाच्या बोंडासारखे पांढरे पुंजके आले. ही साल नव्हे. साल पातळ असते, आरपार दिसते, पाण्यात हलते. हे पुंजके चिकटून बसतात आणि खालची कातडी खातात. मी माशांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पोपटकडे न बघता (मी त्याला डब्यात घालून नेलं होतं, झाकणाला भोकं पाडून) एक निळं औषध दिलं, "सब में चलता है, टेन्शन नको" म्हणाला. मी बाटलीवर लिहिल्याप्रमाणे थेंब मोजून टाकले. बाटलीवर माशांचं प्रमाण लिहिलं होतं. तीन दिवसांत पोपट निळा झाला, टब निळा, माझी नखं निळी. कारखान्यात सुपरवायझरने निवडणुकीची शाई समजून कुठे मतदान होतं म्हणून विचारलं.

आणि मग, आप्पा, दसऱ्याला तुमचा फोन आला. आईने तुम्हाला सांगितलं की कासवाच्या अंगाला खवडे पडलेत. तुम्ही विचारलं नाही की कुठे, किती, केव्हापासून. तुम्ही म्हणालात, "करंजाचं त्याल लावा. बैलाला चालतं ते समद्याला चालतं." मी स्पीकरसमोर जाऊन म्हणालो की आप्पा, कासव म्हणजे बैल नव्हे. तुम्ही म्हणालात, "मग माणूस तरी हाय का?" आणि फोन ठेवलात. बाबा हसले. मी हसलो नाही. चार दिवसांनी गावाकडून येणाऱ्या टेम्पोवाल्या भैरूच्या हाती तेलाची बाटली आली. मी ती आईसमोर माळ्यावर ठेवली आणि कोणी हात लावायचा नाही असं बजावलं. आमच्या घरात बजावणारा मी सोडून दुसरा कोणीही असता तर ते लागू पडलं असतं.

त्या दिवसापासून मी वही केली. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, खाल्लेल्या सुक्या कोळंब्यांची संख्या, पुंजके किती, डाग किती. आठवडाभरात एक नवीन लक्षण सापडलं. पोपटच्या पाठीच्या पुढच्या कडेला आणि मानेच्या घडीत लाली यायची. (खालची कातडी अजून निळसर, त्यामुळे प्रत्यक्षात जांभळी. मी 'जांभळट लाली' असं लिहिलं आहे.) लाल कातडी म्हणजे विष रक्तात गेल्याची खूण, हे मी दोन ठिकाणी वाचलं होतं. माझी झोप उडाली. पण नवल हे की ही लाली फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी वाढायची. इतर दिवशी उतरायची. मी रकाने पाडून आलेख काढला. मंगळवारी आणि शुक्रवारी नळाला वेगळं पाणी येतं का, हे मी पाणीखात्यात जाऊन विचारून आलो. रबाळ्यातले कारखाने त्या दिवशी हवेत काही सोडतात का म्हणून एका मंगळवारी रजा टाकून गॅलरीत बसलो. रजा टाकली तरी सकाळी नऊ ते साडेनऊ मी आंघोळीला होतो, हे वहीत नोंदलेलं आहे. त्या अर्ध्या तासाचं महत्त्व मला तेव्हा कळलं नाही. ज्ञानेश्वरी म्हणाली, "दादा, आजाराला वार कसा कळतो रे? त्याच्याकडे कॅलेंडर आहे का?" मी तिला बाहेर जायला सांगितलं.

गेल्या रविवारी मी पोपटला घेऊन ऐरोलीला प्राण्यांच्या डॉक्टर शुभदा मॅडमकडे गेलो. वही पुढे ठेवली. त्यांनी ती पूर्ण वाचली, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो. मग कापसाचा बोळा ओला केला आणि मानेच्या घडीतून फिरवला. बोळा लालभडक. मॅडमनी बोळा नाकाशी नेला, बोटांत चोळला आणि विचारलं, "घरात देवपूजा कोण करतं?"

आप्पा, ते कुंकू होतं. रक्ताची लाली कातडीच्या आत असते, ती बोळ्यावर उतरत नाही, एवढी साधी गोष्ट मला तीन आठवडे आणि एक आलेख काढूनही कळली नाही. आई दर मंगळवारी आणि शुक्रवारी पूजा झाली की पोपटला पाण्यातून काढायची, पदराने पुसायची, पाठीला आणि मानेला तुमचं करंजाचं तेल चोळायची, त्यावर हळद, आणि अंगाला हात लावलाच आहे तर मोकळा कसा सोडायचा म्हणून वर कुंकू. गावच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव आहे, त्याला हात लावल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे लहानपणी तुम्हीच आम्हाला शिकवलंत. मी घरी येऊन विचारलं तर आई म्हणाली, "आरं, कासव देवाचं हाय. त्याला कुकू न्हाय लावायचं तर काय तुला लावू?" कुंकवाचा मुद्दा मी तिला सोडून दिला.

पण तेलाचा सोडणार नाही. मॅडमनी सांगितलं की कासवाच्या कातडीला आणि पाठीच्या कवचाला तेल लावायचंच नाही. तेलाखाली ओल कोंडते आणि कोंडलेल्या ओलीत बुरशी पोसते. पाठीवर डाव्या बाजूला एक पांढरा डाग आहे, तिथे नखाने दाबलं तर मऊ लागतं आणि वास येतो. कवच कुजायला तिथून सुरुवात होते. मऊ जागा खोल गेली तर कासव वाचत नाही. माझ्या ब्रशने आजाराला दार उघडलं, हे कबूल. पण त्याला पाट मांडून जेवायला तुम्ही बसवलंत. हे मी रागात लिहीत नाही, दोन वेळा कच्चं लिहून मग लिहीत आहे.

उपचार असा. दिवसातून दोनदा पोपटला बाहेर काढायचं, स्वच्छ पाण्याने धुवायचं, जखमेचं तपकिरी औषध बिनदुधाच्या फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून डागांवर लावायचं आणि दोन तास कोरडं, उबेत बसवायचं. मग स्वच्छ पाण्यात. पाणी रोज बदलायचं, मधे विटेचा कट्टा, ज्यावर तो पूर्ण कोरडा होऊन बसेल, आणि वर एक विशिष्ट दिवा, कारण आमच्या गॅलरीत ऊन फक्त साडेसात ते आठ येतं. नुसती कोळंबी बंद, पालेभाजी सुरू. आज सातवा दिवस. पुंजके नऊ होते, चार राहिले. मऊ जागा वाढलेली नाही. हे दोन तास मी त्याच्या शेजारी बसतो, कारण त्याला उलटं व्हायची सवय आहे. म्हणून पत्र एवढं लांबलं.

आणि बुधवारी तुमचा निकाल आला. 'घरात रोग नको, सोळा तारखेच्या रविवारी तळ्यात सोडा.' बाबा स्पीकरला "बरं दादा" म्हणाले. आप्पा, मी सोडणार नाही. ही परदेशी जात तळ्यात गेली तर तिथले मासे आणि देशी कासवं खाते, असं मॅडम म्हणाल्या. आणि बुरशी घेऊन गेली तर स्वतःही मरते. पण ही कारणं मी तुमच्यासाठी लिहिली. माझं कारण वेगळं आहे. दहावीनंतर मला चित्रकलेला जायचं होतं, तुम्ही फोनवर कॉमर्स म्हणालात, बाबा "बरं दादा" म्हणाले, मी गेलो, निकाल तुम्हाला ठाऊक आहे. त्या वेळी मी बोललो नाही. यंदा बोलतो. पोपट गेला तर त्याच्या मागोमाग मीही गेलो असं समजा. मी रबाळ्याला खोली बघतो. उरलेली तेलाची बाटली भैरूच्या हाती परत पाठवत आहे. बैलाला लावा.

मोठ्यांना मान, लहानांना प्रेम, म्हशीला चारा.

तुमचाच, पण यापुढे विचारून,
कुलदीप

ता. क. रबाळ्याला खोली मी कालच बघून आलो. मालकाने पहिलाच प्रश्न केला, "जनावर-बिनावर नाही ना?" तेव्हा खोलीबद्दल वर जे लिहिलं ते धमकी म्हणून वाचावं, बातमी म्हणून वाचू नये.

ता. क. दुसरा. खरं काम हे आहे. येत्या शनिवारी, पंधरा तारखेला, संध्याकाळी सातच्या आत फोन करावा आणि बाबांना 'राहू दे' एवढे दोन शब्द म्हणावेत. कारण द्यायची गरज नाही, तुम्ही कधी देत नाही. तुमच्या तोंडून आल्याशिवाय बाबा ऐकणार नाहीत. माझ्यासाठी नको वाटलं तर देवाचं कासव म्हणून म्हणा. हळद-कुंकवाचं मी बघून घेतो. आई आता टबाच्या बाहेरच्या अंगाला लावते, तसं आमचं ठरलं आहे.

ता. क. तिसरा. एक वाजून पंचावन्न मिनिटं. पोपट पाण्यात गेला. बाबा मार्केटातून फळ्यांची रिकामी पेटी घेऊन आले. कांद्याला वारा लागायला हवा तसा यालाही हवा, म्हणून तिच्या फळ्या सुट्या करून टबावर बसवत होते. मधेच त्यांनी हे पत्र उचललं आणि उभ्याने सगळं वाचलं. (त्यांना वेळ लागतो. मी थांबलो.) वाचून म्हणाले, "थोरल्याला असलं लिवत्यात व्हय? फाड ते." मी फाडणार नाही म्हणालो. ते परत फळ्यांकडे वळले. एक फळी बसवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते त्येलाचं लिवलंयस, तेवढं बरं केलंस."