पुढच्या सीटवरची पिशवी

१२ नोव्हेंबर

ती. आईला वाकून नमस्कार.

बाबा गेल्यानंतरची आपल्या ट्रॅव्हल्सची पहिली सहल सकाळी वेळेवर निघाली. पाहुणे तेरा. मी नीट जेवतो आहे.

पुढच्या सीटवर बाबांची पिशवी ठेवली होती, ते असताना असायची तशीच. एका आजोबांनी ती दारातून चिखलात फेकली. "मालकाला बोलवा! नोकरांशी मी बोलत नाही."

"हल्ली मीच बघतो," म्हणालो. बाबा गेल्याचं सांगवलं नाही.

दुपारी त्यांच्याबरोबरच्या आजी हळूच म्हणाल्या, "यांचा गुडघा वाकत नाही हो, पुढेच पाय लांब करता येतो. सांगायला लाजतात." बाबांनी हे गाडीत चढतानाच ओळखलं असतं. आता ती सीट आजोबांना दिली आहे.

तू गोळ्या घेतेस ना? ताई येऊन जाते का?

पिशवी धुतली आहे. खोलीतच वाळत घालतो.

तुझा,
धाकटा