गुरुवारी पाहिलेला राजवाडा

अण्णा, तुमच्या कंपनीतल्या निवृत्त कामगारांचा मेळावा पुढच्या आठवड्यात चिंचवडला आहे आणि तुमचा तो राजवाड्यासमोरचा फोटो तिथे भिंतीवर लागणार आहे. धाकट्याने फोन केला, "ताई, खाली चार ओळी पाहिजेत. तुझं मराठी चांगलं, तूच लिही. आणि जरा गोड लिही." कागद घेऊन बसले, पण गोड काही येईना. चार ओळींच्या आधी तुमच्याशी बोलणं उरकायला हवं, म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. या वेळी मधेच थांबवायला तुम्ही नाही, हे बरंच आहे.

कंपनीने तुम्हाला दीड महिन्याच्या ट्रेनिंगला जर्मनीला पाठवलं तेव्हा मी आठवीत होते. परत आलात ते तो फोटो घेऊन. उसन्या कोटात तुम्ही, मागे कारंजं, एका उंचीला कापलेली झाडं आणि त्यामागे पिवळा राजवाडा. आपल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये तो दारासमोरच टांगला होता, आलेल्या माणसाने आधी तो बघावा म्हणून. मग चहा येईपर्यंत तुमची गोष्ट. "गुरुवारची सुट्टी होती. म्हटलं, चला, राजाचं घर बघून येऊ. एकेक खांब अखंड संगमरवराचा. कवेत मावायचा नाही." तुमच्या शिफ्टची माणसं माना डोलवायची. कुणी म्हणायचं, "राव, तुम्ही आमच्या वतीनं बघून आला." त्या वाक्यावर तुम्ही किती खूश व्हायचात ते मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत असे. ताटं पुसत.

बी. ए. ला मी जर्मन घेतलं ते त्या फोटोमुळे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. शेवटच्या वर्षी आमच्या बाईंनी तिकडच्या तीन महिन्यांच्या वर्गासाठी माझं नाव पाठवलं आणि निवड झाली. येण्याजाण्याचा खर्चसुद्धा तेच करणार होते. फक्त पालकांची सही हवी होती. मी फॉर्म पुढे ठेवला तेव्हा घरात तुमच्या शिफ्टचे चौघं बसलेले होते. तुम्ही फॉर्म वाचलाही नाही. घडी करून खिशात घातलात आणि म्हणालात, "मी आतून बघून आलोय. पोरीच्या जातीनं एवढ्या लांब जाऊन बघावं असं तिथं काही नाही. मी बघितलं म्हणजे घरानं बघितलं." चौघं हसले. तुम्ही पाहून आलेले होतात, मी काय बोलणार? पुढच्या वर्षी लग्न झालं. मग तीस वर्षं चाकणच्या कारखान्यांसाठी मी जर्मन मशीनच्या माहितीपुस्तिका मराठीत करत राहिले. कुठला स्क्रू किती आवळायचा ते त्या देशाच्या भाषेत मला पाठ आहे. देश पाहिलेला नव्हता.

या उन्हाळ्यात पाहिला. तुमच्या नातीला तिच्या कंपनीने सहा महिने तिकडे पाठवलं आणि तिने मला बोलावून घेतलं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, गुरुवारी राजवाड्याला जाऊ, तुला सुट्टी असेलच. ती हसायला लागली. "आई, गुरुवारची सुट्टी आपल्या पिंपरी-चिंचवडला. इथे गुरुवारी कोण घरी बसतं? शनिवारी जाऊ." मी हातातला कप खाली ठेवला. आपल्या पट्ट्यात कारखाने गुरुवारी बंद, दळणसुद्धा त्या हिशेबाने टाकायचं. त्यामुळे तुमची गोष्ट ऐकणाऱ्या एकाही माणसाला गुरुवार खटकला नाही. मलाही नाही. जर्मनीतली थाप तुम्ही चिंचवडच्या सुट्टीत बसवली होती.

तरी मी शनिवारपर्यंत थांबले. उगाच आरोप करायचा माझा स्वभाव नाही. तिकीट खिडकीवर पांढऱ्या केसांची एक बाई होती. तिला मोबाइलवर तुमचा फोटो दाखवला आणि तिच्या भाषेत विचारलं. फोटोत डाव्या बाजूला फळ्यांचा सांगाडा आहे ना, त्याला आपण राजवाड्याचाच भाग समजायचो. बाईने त्यावर बोट ठेवलं. "दुरुस्तीच्या परांच्या आहेत या. मी तेव्हा शाळेत होते. पाच वर्षं आत कुणालाच सोडत नव्हते, फक्त बाग उघडी असायची. माझे वडील इथे माळी होते, त्यांनाही आत जाता यायचं नाही."

मी तिकीट काढलं आणि आत गेले. सगळ्या खोल्या पाहिल्या, एकही सोडली नाही. छतावर ढग रंगवलेत, ढगांत गुबगुबीत मुलं, भिंतीभर सोनेरी वेलबुट्टी. मोठ्या दालनातल्या खांबावर रखवालदाराची नजर चुकवून टिचकी मारली. पोकळ. वर गिलावा चढवून संगमरवरासारख्या शिरा रंगवल्या आहेत. मी मोठ्याने म्हटलं, "अण्णा, खांब पोकळ आहेत." नात तुमची, लगेच कुजबुजली, "आई, हळू. लोक बघतायत." बघू देत म्हटलं. बाहेर बागेत, एका मापाने छाटलेल्या झाडांखाली बसल्यावर ती म्हणाली, "आजोबांनी मित्रांसमोर थोडी थाप मारली तर काय झालं? बिचारे." थापेचा मला राग नाही, अण्णा. खुशाल मारायची होतीत, चार जन्म पुरेल एवढी. पण न उघडलेल्या दाराच्या जोरावर तुम्ही माझं दार लावलंत, तेही चौघांना हसवून.

त्या चौघांतले दोघं अजून आहेत आणि मेळाव्याला येणार आहेत. म्हणून चार ओळी अशा लिहिल्या: "कंपनीतर्फे जर्मनीला प्रशिक्षण. फोटो राजवाड्याच्या बागेतला. राजवाडा तेव्हा दुरुस्तीसाठी बंद असल्याने ते आत जाऊ शकले नाहीत. आतून तो त्यांच्या मुलीने पाहिला." धाकटा वाचून म्हणाला, "ताई, गेलेल्या माणसाचं असं चारचौघांत?" मी म्हटलं, "त्यांनी जिवंत मुलीचं केलं होतं. आणि यात खोटं काय आहे ते दाखव." एक शब्द बदलणार नाही.

एवढं मात्र कबूल करते. त्या दालनात उभी असताना पहिला विचार आला तो असा, की घरी जाऊन हे सगळं तुम्हाला सांगायचं. दोन पावलं चालेपर्यंत तो टिकला.

आज सकाळी धाकट्याच्या हाती दिलं: फोटो एक, फ्रेम आणि काचेसह. चार ओळींचा कागद एक, खाली माझी सही, माहेरच्या आडनावाने. हे पत्र दिलं नाही.