टेकडीवरची सरासरी

२ जून, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. थोडं लिहिणार, मुद्द्याचं लिहिणार. घरात माझं वाक्य कोणी पुरं होऊ देत नाही, निदान वहीत तरी होईल.

परिस्थिती अशी. कन्या उत्तम मार्कांनी पास झाली. (डोकं माझं. ही म्हणते, मेहनत तिची.) दोन कॉलेजांत प्रवेश मिळतोय, एक टेकडीवरचं, एक नदीकाठचं. फॉर्म भरायची शेवटची तारीख वीस जून, संध्याकाळी पाच. कन्येला नदीकाठचं हवं. का, तर तिथली प्रयोगशाळा तिला आवडली. प्रयोगशाळा! लोक असे निर्णय घेतात म्हणूनच आमच्यासारख्यांची गरज पडते.

मी शहर कचेरीच्या आकडेवारी विभागात एकोणीस वर्षं आहे. दरवर्षी हिरव्या कव्हराचं एक पुस्तक निघतं. कॉलेजांच्या फिया, पाण्याचे नळ, चोऱ्या, झाडं, शहरातलं सगळं त्यात असतं, आणि ते माझ्या हातून जातं. निर्णय पुस्तक घेईल. मी फक्त पान उघडायचं.

४ जून
पान ४१. दर विद्यार्थ्यामागे सरासरी फी: टेकडी चाळीस हजार, नदीकाठ नव्वद हजार.
पान ६७. दर हजार रहिवाशांमागे वर्षभरातले गुन्हे: टेकडी दोन, नदीकाठ एकतीस.

अकरा मिनिटांत निर्णय झाला. त्यातली चार चष्मा शोधण्यात गेली.

जेवताना जाहीर केलं. कन्या ताट उचलून आत गेली. पटलं असावं. ही घरी शिलाईकाम करते, त्यामुळे हिला सगळीकडे टेप दिसते. म्हणाली, एका गिऱ्हाइकाची कंबर अठ्ठावीस, दुसऱ्याची चव्वेचाळीस, तर दोघांच्या पँटी छत्तीसच्या शिवू का? मी म्हटलं, तो विषय वेगळा. ही म्हणाली, वेगळा कसला, एकाची चढणार नाही आणि दुसऱ्याची भर रस्त्यात उतरेल. गंभीर विषयाचं हिला वावडं आहे.

संकल्प: घरच्यांना दशांश चिन्हापासून समजावणे.

६ जून
कन्येने विचारलं, टेकडीवर चाळीस हजार नक्की भरतं कोण? मी म्हटलं, सगळे. ती म्हणाली, एक तरी दाखव. मी शांतपणे सांगितलं की सरासरी विद्यार्थी असा बोट करून दाखवता येत नसतो, तो समजून घ्यावा लागतो. ती म्हणाली की तिला बोट करून दाखवता येणारीच फी भरावी लागणार आहे. उलट उत्तरं द्यायला बरी शिकली. हे हिच्याकडून.

संकल्प: टेकडीवर जाऊन चाळीस हजार भरणारा विद्यार्थी प्रत्यक्ष गाठणे. त्याची सही आणणे.

७ जून
समोरचे शेजारी आले होते. त्यांचं कुलपांचं दुकान आहे, म्हणून सगळी गल्ली त्यांना कुलूपवालेच म्हणते. त्यांची मुलगीही यंदा कॉलेजात जाणार, आणि तिच्यापुढेही हीच दोन कॉलेजं. मी पुस्तकाची प्रत भेट दिली, दोन्ही पानांवर खुणा घालून. पस्तीस मिनिटं समजावून सांगितलं. भारावून गेले असावेत. एवढंच म्हणाले की टेकडीवरून त्यांना रोज बोलावणं असतं, निम्मा धंदा तिकडचाच. मी लगेच मुद्दा पकडला. जिथले लोक कुलपांची इतकी काळजी घेतात, तिथे गुन्हे होतील कसे? त्यांनी चहा संपवला आणि गेले.

एक माणूस तरी ऐकणारा भेटला.

९ जून
अर्धी रजा टाकून स्कूटरने टेकडीवर. कॉलेजच्या फाटकाशी वही घेऊन उभा राहिलो. सहा जणांना विचारलं. पहिला: फी शून्य, वडील कॉलेजातच नोकरीला. दुसरी: शून्य, लांब उडी मारते. तिसरा: शून्य, भाला फेकतो. चौथा: शून्य, पहिल्याचा भाऊ. पाचवा: एक लाख वीस हजार. सहावी: एक लाख वीस हजार.

तिथेच हिशोब केला. सहा जणांची सरासरी बरोबर चाळीस हजार! पुस्तक तंतोतंत खरं ठरलं. अंगावर काटा आला.

चाळीस हजार भरणारा मात्र भेटला नाही. आजारी असेल.

परत आलो तर स्कूटरचा आरसा नाही आणि सीटचं कव्हर नाही. टेकडीवर वारा फार.

घरी सगळं सांगितलं. कन्येने एकच विचारलं, या सहांपैकी मी कोण? मी म्हटलं, प्रयत्न केला तर दुसरी. संकल्प: कन्येला लांब उडी शिकवणे. मागचं अंगण पुरेल.

१० जून
कन्या उडी मारायला नाही म्हणाली. कशी मारतात ते मारून दाखवलं. कंबर धरली. ही शेक देताना हसत होती, असं मला वाटलं. पालथा होतो, खात्री नाही.

१२ जून
कंबर धरून टेकडीवर गेलो, फॉर्म आणायला. फॉर्म मिळाला.

स्कूटर मिळाली नाही.

जिथे लावली होती तिथे फक्त तेलाचा डाग. अर्धा तास डागाभोवती फिरलो. चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, पोलीस चौकी कुठे? त्याने बोट दाखवलं. पाटी चौकीचीच होती, पण आत एकजण चपला शिवत बसलेला. टपरीवाला म्हणाला, चौकी बंद होऊन सव्वा वर्ष झालं. तक्रार द्यायची तर खाली शहरात, दोन बस बदलून. कोणी जात नाही. मग सहानुभूतीने म्हणाला की या आठवड्यातली ही तिसरी स्कूटर, आणि मला बसायला स्टूल दिलं.

दोन बस बदलून खाली आलो. ठाण्याच्या दारापर्यंत गेलो. तिथे विचार केला. मी तक्रार दिली की टेकडीचा आकडा वाढणार. एका जुन्या स्कूटरपायी अख्ख्या टेकडीची बदनामी कशाला? परत फिरलो. याला जबाबदार नागरिक म्हणतात.

घरी सांगितलं, स्कूटर सर्व्हिसिंगला टाकलीय. ही म्हणाली, आरसा लावून घ्या. हो म्हटलं.

१३ जून, ऑफिस
एक गोष्ट डोक्यातून जाईना. चौकी जर सव्वा वर्ष बंद, तर गेल्या वर्षीचे टेकडीचे आकडे पाठवले कोणी?

फाइल काढली. जानेवारी, फेब्रुवारी: चौकीचा शिक्का आहे, आकडे आहेत. मार्चपासून कागदच नाही. दहा महिने कागद नाही. आणि आमच्या तक्त्यात त्या दहाही महिन्यांपुढे शून्य. अक्षर माझं.

आठवलं. आमच्याकडे नियम आहे, रकाना रिकामा ठेवायचा नाही. कॉम्प्युटरही रिकाम्या रकान्यावर अडून बसतो, पुढे जात नाही. त्या दिवशी छापखान्याचा माणूस समोर ताटकळत होता. जिथून माहिती आली नाही, तिथे शून्य टाकत गेलो. चूक म्हणता येणार नाही. शून्य हाही आकडाच आहे.

त्यावर टेकडीवरचे गुन्हे घटल्याची बातमी छापून आली होती. साहेबांनी मला प्रमाणपत्र दिलं होतं. ते आमच्या बाहेरच्या खोलीत, फ्रेम करून लावलंय.

साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, आता पुस्तक वाटून झालंय, पुढच्या वर्षी तळटीप टाका. बारीक टाइपात.

१४ जून
आज कन्येला सांगणार होतो. ती केस धूत होती.

१५ जून
आज केस धूत नव्हती. तरी नाही सांगितलं. प्रमाणपत्राखाली बसून अशी गोष्ट कशी सांगायची? आधी ते उतरवलं. ही म्हणाली, का हो? म्हटलं, धूळ बसलीय.

संध्याकाळी कुलूपवाले गल्लीत भेटले. त्यांना सांगायचं म्हणून थांबवलं, आणि तोंडातून निघालं, टेकडीचं नक्की ना? ते म्हणाले, तुम्ही एवढं सांगितल्यावर काय! आणि माझा हात हातात घेतला. माणूस माझ्या शून्यांवर मुलीला धाडायला निघालाय, वर लाखभर भरून. आणि मी म्हटलं, तिकडची हवा चांगली आहे.

संकल्प: उद्या नक्की सांगणे.

१६ जून
नाही.

१७ जून
नाही. ऑफिसात काम फार. (काम नव्हतं.)

१८ जून
कुलूपवाल्यांच्या घरावरून जावं लागू नये म्हणून मागच्या गल्लीने आलो. कुत्रं मागे लागलं. माझ्याच मागे लागतं.

१९ जून
नदीकाठच्या कॉलेजात बसने गेलो. नुसती पडताळणी, मत बदललं असं नाही. फीच्या खिडकीवरच्या बाईंना विचारलं, तुमची फी नव्वद हजार ना? त्या म्हणाल्या, तीस हजार. मी हिरवं पुस्तक दाखवलं. त्या हसल्या. दर पाच विद्यार्थ्यांतला एक कंपन्यांनी पाठवलेला असतो, संध्याकाळच्या कोर्सला, त्याचे तीन लाख तीस हजार कंपनी भरते. बाकीच्यांना तीस. नव्वद कोणीच भरत नाही. कागदावर करून पाहिलं. बरोबर नव्वद येतात. पुस्तक इथेही तंतोतंत खरं. या वेळी काटा आला नाही.

फाटकाशीच पोलीस चौकी, दिवसरात्र उघडी. हवालदार एका आजोबांची छत्रीची तक्रार लिहून घेत होता. छत्रीचा रंग, मूठ, सगळं. म्हणाला, बाजार आणि बसस्टँड याच भागात, सगळं शहर इथे येऊन पाकिटं हरवतं, आणि आकड्याला भागायचं मात्र इथे राहणाऱ्या मूठभर लोकांनी. शिवाय जो येईल त्याचं लिहून घेतो. म्हणून एकतीस.

खिडकीतून प्रयोगशाळा दिसली. चांगली आहे.

योजना: उद्या फॉर्म भरून कन्येला एकदम चकित करणे. असंही दिसेल की निर्णय शेवटी मीच घेतला.

२० जून
दुपारी ४.२० ला खिडकीवर पोचलो, घामाघूम. बाईंनी वही उलटी चाळली आणि म्हणाल्या, या मुलीचा प्रवेश झालाय की. पाच जूनला. फी भरलेली. पालक म्हणून आईची सही.

पाच जून म्हणजे मी टेकडीचं जाहीर केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.

बाईंनी विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, आकडेवारी विभागातून आलोय.

घरी येऊन विचारलं, मला सांगितलं का नाही? ही मशीन न थांबवता म्हणाली, तुम्ही इतक्या खुशीत होता, तक्ते काढत होता, मन मोडवेना. वर म्हणाली, स्कूटरचंही माहीत आहे, सर्व्हिसिंगवाल्याकडे मी दुसऱ्याच दिवशी जाऊन आले. कन्या म्हणाली की ती सांगणारच होती, पण गेला आठवडाभर मीच काहीतरी सांगायला येतोय असं तिला दिसायचं, म्हणून ती वाट पाहत राहिली.

मग सांगून टाकलं. दहा शून्यं, माझ्या हातची. मोठ्याने पहिल्यांदाच बोललो. लाज वाटली, खरंच वाटली. कन्या हसेल असं वाटलं होतं, हसली नाही. तिने एवढंच विचारलं, कुलूपवाल्या काकांना सांगितलंस?

घड्याळात सहा वीस झाले होते. फॉर्म पाचला बंद.

२१ जून, सकाळी ८
सांगून आलो. रात्रभर घोकलेलं एकही वाक्य आठवलं नाही. दारात उभं राहूनच म्हटलं की पुस्तक चुकीचं आहे, चूक माझी आहे, तुमच्या मुलीचं नुकसान झालं, मला माफ करा.

कुलूपवाल्यांनी आत बसवलं. म्हणाले, कसलं नुकसान? त्यांची मुलगीही नदीकाठीच, पाच जूनला. आमची कन्या आणि ती एकाच बसने गेल्या होत्या. ते म्हणाले, फोडलेली दारं दुरुस्त करायला मी रोज टेकडीवर जातो, तिथे पोरीला कशी धाडीन? मी म्हटलं, मग मला का बोलला नाहीत? ते म्हणाले, तुम्ही एवढं मनापासून सांगत होता, नाही म्हणवेना.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सहा दिवसांचं ओझं क्षणात उतरलं. त्यांच्या बायकोने दिलेला चहा दोनदा घेतला. त्यांच्या जिन्यावरून शीळ घालत उतरलो.

शेवटच्या पायरीवर शीळ थांबली. हिने पुस्तक मानलं नाही. कन्येने मानलं नाही. शेजाऱ्यांनी मानलं नाही. साहेब तर उघडतही नाहीत. एकोणीस वर्षांत त्या पुस्तकावर डोळे मिटून भरवसा ठेवणारा शहरात एकच माणूस निघाला. त्याची स्कूटर गेली.