तेवीस नंबरचा जबडा

मी, मच्छिंद्र नामदेव ओव्हाळ, वय चौसष्ट, धर्म बौद्ध, दुष्काळी कामावरचा निवृत्त हजेरी कारकून, राहणार ईट, तालुका भूम, जिल्हा उस्मानाबाद, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाविना, डोके ठिकाणावर असताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोक्याबद्दल पत्नीचे मत वेगळे आहे, पण तिने हरकत घेतलेली नाही.

१. राहते घर, तीन खण, पत्नी द्वारकाबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील; नंतर मुलगी तारामतीकडे. त्यातला एक खण द्वारकाबाईने अकरा वर्षे माझ्या हाडांना (पाहा कलम ४) दिला. चौऱ्याहत्तर साली भीमजयंतीच्या साफसफाईत तिने सगळी हाडे राखेने घासून लख्ख केली आणि मी घातलेले नंबर धुऊन गेले. दोन दिवस मी जेवलो नाही. "घाण दिसली म्हणून घासली. मला काय ठावं तिथं लिव्हलंय?" म्हणाली. कोणते हाड कुठले हे कामावरच्या बायकांना तोंडपाठ होते, म्हणून निभावले. चूक माझीच. खडूने कोणी नंबर घालतो का?

२. पोस्टातले पुस्तक व दूध सोसायटीचा शेअर द्वारकाबाईस. सायकल पुतण्या व्यंकट यास. चार वर्षांपूर्वी तासाभरासाठी म्हणून त्याने नेली होती, ती आता रीतसर त्याची झाली.

३. सोसायटीचे चेअरमन नानासाहेब यांनी माझ्याकडून हत्तीची दाढ बघायला म्हणून नेली आणि ऑफिसचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावली. पाच वर्षे मागत होतो. शेवटी म्हणाले, "ओव्हाळ, दगडच हाय की. दुसरा आणून द्या अन् ह्यो घेऊन जा." मी दुसरा दगड नेऊन दिला. त्या दगडावरचा माझा सर्व हक्क नानासाहेबांना कायमचा देतो.

४. आता मुख्य मिळकत. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलाव खोदताना दगड झालेली हाडे निघू लागली. लोक त्यांना राक्षसाची हाडे म्हणत आणि खडीत फोडत. मी ती बाजूला ठेवायला लावली. औरंगाबादहून भूशास्त्राचे प्राध्यापक आले, त्यांनी शिकवले: ओले हाड उन्हात वाळवू नये, पातळ सरस पाजावा, कापसात ठेवावे, आणि ते नेमके कुठे सापडले याची नोंद हाडापेक्षा मोठी, नोंद नसेल तर तो नुसता दगड. अशी एकशे सदतीस हाडे व नोंदवही तारामतीने त्यांच्या कॉलेजात पोचवावी. संग्रह फोडू नये. 'कोणास सापडले' हा रकाना गाळू नये. प्राध्यापक म्हणतील त्याची गरज नाही. तारामतीने ऐकू नये.

५. हे मृत्युपत्र खरे तर या कलमासाठी आहे. क्रमांक तेवीस, पाणघोड्याचा जबडा. नोंदवहीत लिहिले आहे, 'तलावाचा पाया, सापडला म. ना. ओव्हाळ यांस.' ही नोंद खोटी आहे.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये बनाबाई सोनवणे यांचे लेकरू तापाने फणफणले होते. त्यांची हजेरी मांडून मी त्यांना पाण्यासाठी ओढ्यात झिरा उकरायला जाऊ दिले. पाण्याबरोबर घमेल्यात जबडा घेऊन त्या आल्या. खरे लिहिले असते तर हजेरी खोटी ठरली असती. त्यांचा रोज आणि माझी नोकरी दोन्ही गेली असती. म्हणून मी स्वतःचे नाव लिहिले. ते भीतीपोटी. पुढे काम संपले, मी निवृत्त झालो, तरी गप्प राहिलो, ते मात्र मानापोटी. प्राध्यापकांच्या लेखात माझे नाव छापून आले होते, तो अंक मी भूमच्या बाजारातसुद्धा मिरवला. माझ्या नोंदीवर विसंबून त्यांच्या कॉलेजची पोरे तीन उन्हाळे तलावापाशी खणत राहिली आणि त्यांना बेडकाचेही हाड मिळाले नाही. मी त्यांना चहा पाजत होतो. याची मला लाज वाटते.

खरी नोंद अशी: सटवाईचा ओढा, अल्याडची दरड, कमरेएवढ्या खोलीवर. सापडला बनाबाई सोनवणे यांस.

६. छिन्नी, भिंग व हाडे झाडायचा दाढीचा ब्रश तारामतीस. माझी दाढी दुसऱ्या ब्रशने करीत आलो, हे द्वारकाबाईने मानावे.

७. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकील म्हणाले. बनाबाई साक्षीदार आहेत, म्हणून त्यांना मी काहीच दिलेले नाही. कलम पाचमधले नाव आधीपासून त्यांचेच होते.

जन्म बरा गेला. तक्रार नाही.

पुरवणी: वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. बनाबाई म्हणाल्या, "नाव आलं, बरं झालं भाऊ. पर अल्याड न्हाय, पल्याडच्या दरडीत गावला त्यो. अल्याड नुस्ता मुरूम हाय. आनी तिथं आजून हाडं हायती."

मी म्हणालो, "अकरा वर्षांत बोलला का नाही?"

"तुमी कुठं इचारलं?"

सबब कलम पाचमधील 'अल्याडची' हा शब्द रद्द समजून 'पल्याडची' असा वाचावा. प्राध्यापकांना आजच कार्ड टाकले आहे. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये.

सही: म. ना. ओव्हाळ

साक्षीदार:
१. माणिकप्पा शिवलिंग कोरे, शिंपी, ईट (सही)
२. बनाबाई सोनवणे, मजूर, ईट (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: ईट. दिनांक १२ फेब्रुवारी १९८४.