सव्वा मूठ झेंडू

धुळे तुरुंग, २ जुलै १९३२

ती. तानुअक्कास, धाकट्या जीवरामचा सा. न. वि. वि.

सरकारशी माझे भांडण आता स्वराज्यावरून राहिलेले नाही, टोपीवरून आहे. मिळालेली टोपी नाकापर्यंत उतरते. जेलरसाहेबांकडे तक्रार नेली, तर म्हणाले, डोके वाढवा. सध्या जमीनच तेवढी दिसते. म्हणून भटारखान्यामागची ओसाड पट्टी नजरेस पडली. तिथे फुले लावायची परवानगी मिळाली आहे. झेंडूचे बी पाठव. लोटन नावाचा जन्मठेपेचा कैदी माती भुसभुशीत करून देतो आणि ही फुले बघणार कोण, असे रोज विचारतो. नाना अजून माझे नाव टाळतात का? लोभ असावा, टोपीएवढा सैल नसावा.

तुझा जीवराम

पाचोरा, २० जुलै

चि. जीवरामास अनेक आशीर्वाद.

आपले बी किडले. भागाबाईकडून मूठभर उसने आणले. लहानपणी जिच्या कुंपणातून फुले चोरायचास, तीच. म्हणाली, चोराला अक्कल यायला तुरुंग लागला. कीड लागू नये म्हणून राखेत घोळून पाठवते.

नानांनी अंथरूण धरले आहे. वैद्य दिवाळीचीही खात्री देत नाहीत. नाना तुझे नाव घेत नाहीत, पण दार वाजले की मान वळवतात. वकिलांनी दिलेला माफीचा कागद सोबत आहे. सही केलीस तर सुटशील. बापापेक्षा टोपी मोठी का रे?

तुझी अक्का

धुळे तुरुंग, ११ ऑगस्ट

ती. अक्कास सा. न.

तुझ्या राखेने साम्राज्य हादरले. कारकुनाला ती स्फोटक भुकटी वाटली. पुडी बादलीत बुडवून पहारा बसवला. चौथ्या दिवशी बियांना मोड आले आणि आरोप मागे घेण्यात आला. तेच लावले.

कागद उशाखाली आहे. तू नानांनाच विचार. ये म्हणाले तर सही करतो. तोंड लपवायला टोपी आहेच.

जीवराम

पाचोरा, ३० ऑगस्ट

चि. जीवरामास आशीर्वाद.

विचारले. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. बी उगनं का, एवढंच विचारलं. उगवलं म्हटल्यावर म्हणाले, मग मधूनच उठू नको म्हणावं त्याला. आणि उसनं बी सव्वाईनं परत जातं, हेही कळव म्हणाले. मी कळवले. माझे रडणे कळवत नाही.

अक्का

धुळे तुरुंग, १४ नोव्हेंबर

ती. अक्कास सा. न.

नाना गेल्याचे तुझे कार्ड पोहोचले, त्यांच्या तेराव्याच्या दिवशी. पत्रे आधी कारकून वाचतो. त्याने ते हातात दिले तेव्हा स्वतःची टोपी काढली होती. झेंडू ऐन भरात होता. बघणार कोण, हे लोटनने त्या दिवशी विचारले नाही. दोघांनी मिळून पाणी घातले.

फेब्रुवारीत सुटेन. तोवर रागावलीस तरी चालेल, लिहायची थांबू नकोस.

तुझा जीवराम

ता. क. माफीचा कागद बिनसहीचाच राहिला, त्याची पुडी केली आहे. आत भटारखान्याच्या राखेत घोळलेले सव्वा मूठ बी आहे. भागाबाईला नेऊन दे. काही बोलू नकोस, फक्त तिच्या मुठीने मोजून घ्यायला सांग.