पोचलं, पण हुंकार नाही

सोम. ८ जुलै
मोठी फाइल आजही पडली. बाकीच्या लहान फाइली स्क्रिप्ट पटापट उतरवते. ही एकच अवाढव्य. क्लायंटच्या एफटीपी सर्व्हरवरून येत राहते, येत राहते आणि अगदी शेवटी एरर. मग स्क्रिप्ट ती अर्धवट समजून पुसते आणि पुन्हा पहिल्यापासून. स्क्रिप्ट माझीच, त्यामुळे शिव्या कोणाला देणार? टीम लीड सेंथिल म्हणाला, "पात्तुक्कलाम." तमिळमध्ये, बघू या. इथे सिरुसेरीच्या आयटी पार्कात सगळ्या संकटांवर हेच औषध.

दुपारी कॅन्टीनमध्ये बाबांचा फोन. नेहमीप्रमाणे मी स्वतःला म्यूट करून ऐकत होते, इथला गलका त्यांच्या कानात नको म्हणून. आई गेल्यापासून मिरजेच्या घरी एकटेच. नळाचं पाणी, शेजारची मांजर, गॅसवाला, सांगत गेले. मग मधेच, त्याच आवाजात, "मनू, मला करमत नाही गं इथं. तू परत येशील का?"

म्यूट काढायला बोट नेलं. दाबलं नाही. "हॅलो? हॅलो?" मग बाबा स्वतःशीच, "गेला वाटतं फोन." ठेवला.

फोन गेला नव्हता.

मंगळ. ९
पॅसिव्ह मोड करून पाहिला. टाइमआउट वाढवला. तीच रड. नेटवर्कवाले म्हणतात, आमच्याकडे सगळं ओके. सगळ्यांकडे सगळं ओके असतं, फाइल तेवढी येत नाही.

बाबांना फोन केला नाही. मी कामात होते, असं म्हणता येईल.

तांबरमला घरी आले तर घरमालकीण अक्का दारात. तंजावरच्या मराठी. "जेवण जालं की?" हो म्हटलं. झालं नव्हतं. दिवसभरात कानावर पडलेलं मराठी एवढंच. फार एकटं वाटलं आज.

गुरु. ११
वैतागून पुसण्याची ओळच काढून टाकली. पुन्हा एरर, पण फाइल राहिली. सर्व्हरवरच्या आकाराशी ताडून पाहिली. बाइटचाही फरक नाही. उघडून पाहिली, उघडली. म्हणजे दर वेळी पूर्ण येत होती आणि मी पुसत होते!

मग कळलं. एफटीपीत दोन लाइनी. एकीवरून माल, दुसरीवरून बोलणं. माल येत असताना बोलण्याची लाइन गप्प. मधल्या फायरवॉलला वाटतं, इथे कोणी नाही, आणि तो ती तोडतो. माल पोचतो, पण "सगळं पाठवलं" हा सर्व्हरचा निरोप यायला वाटच नाही. स्क्रिप्ट बिचारी त्या निरोपाची वाट बघत बसते आणि शेवटी एरर देते.

बाबांचा फोन नाही. तीन दिवस झाले. रुसणारे नाहीत ते. म्हणूनच काळजी वाटते.

शुक्र. १२
सेंथिल शेजारी बसून आईशी फोनवर बोलत होता. बोलत कसला, "हं... आमाम्मा... हं... सरिम्मा..." हो आई, बरं आई, एवढंच. हात कीबोर्डवर, लक्ष अर्धं. एरवी मला हसू येतं. आज आलं नाही.

लहानपणी बाबा गोष्ट सांगायचे तेव्हा मी हुंकार द्यायचा, असा नियम. हुंकार थांबला की ते समजायचे, पोरगी झोपली. गोष्ट तिथेच सोडून दिवा मालवायचे. कितीदा तर मी जागी असायचे, नुसती ऐकत.

स्क्रिप्टमध्ये बदल केला. माल येत असताना बोलण्याच्या लाइनवर अधूनमधून 'नूप' पाठवायचं. या कमांडचा अर्थच 'काही करू नकोस'. नुसतं, आहे मी. चालवली. वाट पाहिली. शेवटी ती ओळ आली, ट्रान्स्फर कम्प्लीट.

सेंथिल "सूपर" म्हणाला आणि चहाला गेला. मला ओरडून कोणाला तरी सांगायचं होतं. बाबांनाच. त्यांना एफटीपीतलं ओ की ठो कळलं नसतं, पण हं हं करत ऐकलं असतं. फोन हातात घेऊन ठेवला. ते विचारतील त्याचं उत्तर अजून नाही माझ्याकडे. इथली नोकरी सोडवत नाही. त्यांना तिथे तसं ठेववतही नाही.

रवि. १४
केला फोन. म्यूट नाही. अक्कांचा कुकर, रस्त्यावरचा भाजीवाला, सगळं ऐकू जाऊ दिलं. मी हं, हं करत राहिले. मांजरीला पिल्लं झाली. गॅसवाला सुट्टे पैसे देत नाही. परत येण्याबद्दल मात्र काही बोलेनात. मी वाट पाहत होते आणि भीतही होते.

ठेवता ठेवता म्हणाले, "परवा फोन कुठं कट झाला होता गं? कुठपर्यंत ऐकू आलं तुला?"

मांजरीपर्यंत, असं म्हणता आलं असतं. त्यांनी ती वाट मुद्दाम ठेवली होती, मला माहीत आहे.

"सगळं ऐकू आलं, बाबा."

 फोन कानापासून काढून स्क्रीन पाहिला. लाइन चालू होती.

मग हळूच आवाज आला, "हं." आणि ते थांबले, मी पुढचं सांगायची वाट बघत.