विरोधातलं एक मत

सडबरी, ९ मार्च २०१४

प्रिय जोसेट,

तू बरी असशील आणि नोएमीचा खोकला थांबला असेल, असं धरून चालते. इकडे थंडी हटायला तयार नाही. काल सकाळी उणे अठ्ठावीस होतं. निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी साडेपाचला जाग येतेच. एकवीस वर्षं शाळेची बस चालवली की शरीराला सुट्टी समजत नाही.

आपला दारू सोडलेल्यांचा सोमवारचा ग्रुप अजून चर्चच्या तळघरातच भरतो. पाद्रीबाबांनी पुन्हा सांगितलं, भाडं देऊ नका, जागा रिकामीच असते. रेनोनं पुन्हा नाही म्हटलं आणि पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवून आला. सतरा पायऱ्या उतरताना त्याचा गुडघा अजून कुरकुरतो. डोरीन आता कॉफी करते. पाणचट करते. तुझ्या कॉफीची आठवण कुणीतरी काढतंच, आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकलं की अजून माझ्या पोटात दुखतं.

पत्र कुठून सुरू करावं ते कळत नाही. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला पहिल्यापासून लिहू दे.

मिसेस हॅडोच्या दुकानापासून. नवऱ्यामागे तिचं कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकान बंद पडलं होतं. तिचा मुलगा आपल्या ग्रुपमध्ये येऊन सुधारला म्हणून ती मला चहाला बोलावून म्हणाली, "मार्लीन, जागा घ्या. भाडं नको, काही नको." एकही पायरी नाही, मोठ्या खिडक्या, मागे स्वयंपाकघर. मी तिथेच हो म्हटलं. ग्रुपला न विचारता. घरी येताना मला वाटत होतं, सतरा वर्षांत मी काहीतरी करून दाखवलं.

आणि ग्रुपच्या कामकाजाच्या सभेत तू उठलीस. टायरच्या दुकानातून थेट आली होतीस, बाहीला काळं लागलेलं. म्हणालीस, "रेनोच्या गुडघ्यासाठी मीच आधी हात वर केला असता. पण दुकान तिचं, तर किल्लीही तिचीच. उद्या तिच्या मुलानं पुन्हा प्यायला सुरुवात केली, तर आपण कुणाचं तोंड बघून बोलणार? टोपलीत आपले दोन-दोन डॉलर पडतात तेवढ्यात जे होईल ते आपलं."

सगळे हसले, मग सगळ्यांनी हात वर केले. मीसुद्धा.

जोसेट, ती किल्लीची गोष्ट माझी होती. तू पहिल्यांदा आलीस, हात इतके थरथरत होते की कप धरता येत नव्हता, तेव्हा तुला गाडीत बसवून मीच सांगितली होती. बाहेरच्याचं काही घ्यायचं नाही, इथे कुणी मालक नाही, कुणी पगारी नाही, म्हणून तर आपण टिकलो. माझंच वाक्य तू माझ्यावर चालवलंस, आणि ते तुझ्या तोंडून जास्त चांगलं वाटलं. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

पण हा राग त्या दिवशीचा नव्हता. नवीन बाई आली की सभा संपल्यावर ती तुझ्याकडे जायची. पूर्वी माझ्याकडे यायची. तू काही बोललीस की लोक हसायचे, मी बोलले की घड्याळ बघायचे. डोरीनला मी चार वर्षं सांभाळलं, दर रात्री तिचा फोन घेतला. एक दिवस म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस गं, पण यापुढे मी जोसेटला फोन करीन. ती ओरडत नाही." तुला वाटलं असेल, मी मोठ्या मनानं हो म्हटलं. त्या दिवशी मी घरी येऊन भांडी आपटून धुतली.

मग जानेवारीत जिल्ह्याच्या सभेसाठी ग्रुपचा प्रतिनिधी निवडायचा दिवस आला. माझी दोन वर्षं भरली होती. पुन्हा उभं राहता येत नाही, हा नियमही मीच नवीन माणसांना अभिमानानं समजावते. खुर्ची माणसाला चिकटू नये म्हणून. रेनोनं तुझं नाव घेतलं. पंधराजण होतो, तू बाहेर कॉफी भरत होतीस. तेरा हात वर गेले. एक गेला नाही.

रिवाजाप्रमाणे रेनो म्हणाला, "विरोधात एक मत आहे. त्या माणसाला बोलू द्या, मग पुन्हा मत घेऊ."

मी बोलले. ग्रुपच्या भल्यासाठी बोलते आहे, असं म्हणून सुरुवात केली.

त्यानंतरचं वाक्य मी या पत्राच्या आधीच्या तीन मसुद्यांत टाळलं. "मी कठोर बोलले", "माझा तोल गेला" असं लिहिलं. आता जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, "जी बाई स्वतःचं दोन वर्षांचं पोर गाडीत विसरून बारमध्ये बसते, ती ग्रुपचं काय लक्षात ठेवणार?"

तू दारात उभी होतीस. ट्रे हातात होता.

ती गोष्ट तू मला माझ्या स्वयंपाकघरात सांगितली होतीस. सांगायला तीन तास लागले होते. काच फोडून नोएमीला बाहेर काढणारा माणूस तुला काय म्हणाला, तेही सांगितलंस. मी तुझा हात धरून म्हणाले होते, हे या टेबलावरून उठणार नाही. नोएमी मोठी झाली की तू स्वतः तिला सांगणार होतीस. आपलं गाव केवढं, तुला माहीत आहे. तिच्या कानावर गेलं का, हे विचारायचं धाडस मला नाही.

आणि माझा तोल गेला नव्हता. ते वाक्य माझ्या तोंडात आठवडाभर तयार होतं. तू दारात आहेस, हेही मी पाहिलं होतं.

दुसऱ्या वेळी पाचच हात वर गेले. तू ट्रे ठेवलास, प्रत्येकासमोर कप मांडलास, माझ्याही, आणि कोट घेऊन गेलीस. तू मला शिव्या दिल्या असत्यास तर मला झोप लागली असती.

मागच्या सोमवारी मी सगळ्यांसमोर हे कबूल केलं. म्हणाले, मी बोलले ते मत नव्हतं, मत्सर होता. मला ग्रुपमधून काढा.

रेनो म्हणाला, "कोण काढणार? इथे साहेब आहे का कुणी? कुणालाही हाकलायचा अधिकार कुणालाच नाही. बस खाली."

"मग काहीतरी शिक्षा द्या," मी म्हणाले.

तेव्हा डोरीन बोलली. "काढलं तर एका संध्याकाळीत सुटशील. इतक्या स्वस्तात नाही सोडणार."

सतरा वर्षं मी या गोष्टीचे गोडवे गायले, की इथे कुणी कुणाच्या वर नाही. तो नियम असा अंगावर येईल, असं कधी वाटलं नव्हतं. शिक्षा द्यायलाही वर कुणी नाही.

प्रतिनिधीची जागा त्यांनी रिकामीच ठेवली आहे. दुसरं नाव कुणी सुचवलं नाही. वसंतातल्या जिल्ह्याच्या सभेत आपल्या ग्रुपचं मत नसेल. मी रेनोला विचारलं, जोसेट कुठे जाते, पुन्हा प्यायली तर नाही ना? तो म्हणाला, "तुला कशाला सांगू?" बरोबर आहे त्याचं. पत्र लिहू का विचारलं, तर म्हणाला, "तुला हलकं वाटावं म्हणून लिहिणार असशील तर नको." म्हणून एवढंच सांगते की लिहून मला हलकं वाटलेलं नाही.

क्षमा मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढंही काम मी तुझ्यावर टाकू नये.

पण एक गोष्ट माझ्या हातात होती, ती केली. मी उद्यापासून सोमवारच्या ग्रुपला जाणार नाही. तो मी आणि रेनोनं दोन खुर्च्यांवर सुरू केला होता, हे तुला माहीत आहे. मी आता बुधवारी दुपारी कॉपर क्लिफच्या ग्रुपला जाते. तिथे मला कुणी ओळखत नाही. पहिल्या दिवशी मी खुर्च्या घड्या करून भिंतीला लावल्या. एका पोरसवद्या बाईनं विचारलं, "नवीन आहात?" मी हो म्हटलं.

तू परत यावंस, असं म्हणायचा हक्क मला नाही. यायचं असेल तर त्या तळघरात मी नसेन, एवढं पक्कं धर. आणि आलीस आणि सगळ्यांनी तुला हात वर करून निवडलं, तर ते ऐकून मला पुन्हा जळफळाट होईल. तेही तुला आधीच सांगून ठेवते. तो माझा मी बघीन.

माझं नाव मार्लीन. मी दारुडी आहे, सतरा वर्षं प्यायलेली नाही. आणि मी जळकी आहे, हे कबूल केल्याला आज सहा दिवस झाले.

मार्लीन कोवाल